सोलापुरात स्पोर्टी गाडी पोसायला महिन्याला खरंच किती लागतात?

अभि_जुळेसोलापूर | ३ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. वय ३४, राहायला जुळे सोलापूर, नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात. सध्या १२०० सीसीची साधी हॅचबॅक आहे, नऊ वर्षं झाली, तिच्याबद्दल काही तक्रार नाही. पण कॉलेजात असल्यापासून मनात आहे की आयुष्यात एक तरी गाडी अशी घ्यायची, जिचा ॲक्सिलरेटर दाबला की पाठ सीटला टेकली पाहिजे. आता हप्ता झेपतो. लेक चार वर्षांची आहे. आज नाही घेतली तर पुढं शाळा, क्लास, घराचं काम असं करत राहूनच जाईल.

बजेट १४ लाख, ताणलं तर १५. डोळ्यासमोर दोन गाड्या आहेत: नवी ह्युंदाई आय-२० एन लाइन, नाहीतर तीनेक वर्षं वापरलेली फोक्सवॅगन व्हर्टस जीटी १.५.

वडिलांना सांगितलं. ते यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे, तीस वर्षं. ते नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "घे. पण महिन्याला किती खाते ते आधी कागदावर मांडून दाखव."

तो कागद मला भरायचा आहे. माझं चालणं असं: रोज घर ते कारखाना जाऊन-येऊन २० किमी, आणि महिन्यातून एकदा पुणे. म्हणजे वर्षाला साधारण १२,००० किमी. कंपनीचे आकडे नकोत, ज्यांनी स्वतः खर्च केलाय त्यांनी लिहा.

---

पार्क_चौक | ३ नोव्हेंबर, रात्री १०.१५

मायलेज विचारायचं असेल तर अशी गाडी घेऊच नये. हौसेला मोल नसतं.

---

भीमाकाठ | ३ नोव्हेंबर, रात्री ११.३०

पार्क चौक मालक, तुमच्या म्हणण्याशी मी मुळीच सहमत नाही. हिशेब न करता घेतलेल्या अशा गाड्या दीड वर्षात विकायला निघतात. मी माझ्या ओळखीत तीन पाहिल्यात. हौस टिकवायची असेल तर हिशेब आधीच करावा लागतो. अभिच्या वडिलांनी योग्य तेच विचारलंय.

माझ्याकडे व्हर्टस जीटी प्लस आहे, १.५ टीएसआय, डीएसजी (म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक), २०२२ ची. पहिल्या दिवसापासून प्रत्येक टाकी वहीत लिहिलेली आहे. उद्या वही घेऊन बसतो आणि सविस्तर लिहितो.

---

भीमाकाठ | ४ नोव्हेंबर, रात्री ९.०५

हं, आता वही समोर आहे.

आधी मोजायची पद्धत सांगतो, कारण निम्मे लोक चुकीचं मोजतात. डिजिटल मीटरवर दिसणारा आकडा हा अंदाज असतो. माझ्या गाडीत तो खऱ्यापेक्षा अर्धा-पाऊण किलोमीटर जास्त दाखवतो. मी होटगी रोडच्या एकाच पंपावर, शक्यतो एकाच मशीनवर, सकाळी जातो. नोझलनं पहिल्यांदा 'टक्' केलं की थांबवायचं. पोरगा "साहेब, राउंड फिगर करू का?" विचारतोच, त्याला नाही म्हणायचं. तिथंच ट्रिप मीटर शून्य करायचा. पुढच्या वेळी तसंच भरायचं, आणि झालेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. एका टाकीच्या आकड्याला अर्थ नाही, पाच-सहा टाक्यांची सरासरी धरायची.

तीन वर्षांची माझी सरासरी: शहरात १०.५, हायवेला १७.५. तुझं चालणं माझ्यासारखंच निम्मं-निम्मं आहे, त्यामुळे गणित सरळ लागू होतं. पेट्रोल हिशेबाला १०५ रुपये धरतो.

शहरात ६,००० किमी म्हणजे ५७१ लिटर. हायवेला ६,००० किमी म्हणजे ३४३ लिटर. एकूण ९१४ लिटर, ९६ हजार रुपये. महिन्याला आठ हजार, किलोमीटरला आठ रुपये.

आता तुझी सध्याची हॅचबॅक शहरात १५ आणि हायवेला २० देते असं धरू. तिला वर्षाला ७०० लिटर लागतात, साडेत्र्याहत्तर हजार. फरक किती? वर्षाला साडेबावीस हजार, महिन्याला १,९०० च्या आत. १५० हॉर्सपॉवरसाठी जास्तीचं पेट्रोल एवढंच आहे. लोक सगळी चर्चा या १,९०० रुपयांवर करतात आणि खरा खर्च कुठं होतो तिकडं बघतच नाहीत.

बाकीचं लिहितो. सर्व्हिस १५,००० किमी किंवा वर्ष, जे आधी येईल ते. माझं वर्षच आधी येतं. तीन सर्व्हिसची सरासरी साडेअकरा हजार. टायर २०५/५५ आर-१६, एकाला आठ हजारांच्या आसपास. ४०,००० किमी चालतील असं धरलं तर चारांचे ३२ हजार, म्हणजे किलोमीटरला ८० पैसे, वर्षाला ९,६०० बाजूला काढायचे. विमा झीरो डेपसकट (म्हणजे क्लेमच्या वेळी पार्टचा घसारा कापत नाहीत) यंदा २९ हजार. फास्टॅगचा वार्षिक पास ३,०००. सगळं मिळून वर्षाला एक लाख एकोणपन्नास हजार, किलोमीटरला साडेबारा रुपयांच्या आत.

आता जो आकडा कुणीच लिहीत नाही तो. माझी गाडी ऑन-रोड २१ लाखांच्या घरात पडली. एक्स-शोरूम १७.९१ होती, त्यावर महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स, म्हणजे दोन लाख पंधरा हजार फक्त आरटीओचे. ते कधीच परत येत नाहीत. आज मला १४ लाखांची मागणी येते. तीन वर्षांत ३६,००० किमी झाले आणि सात लाख गेले. किलोमीटरला १९ रुपये घसारा! पेट्रोलच्या दुपटीहून जास्त.

म्हणून अभि, तुझा दुसरा पर्याय मला जास्त शहाणपणाचा वाटतो. पहिल्या मालकानं ते सात लाख सोसलेले असतात.

---

मालदांडी | ४ नोव्हेंबर, रात्री ९.४०

भीमाकाठ अण्णा, असला हिशेब पहिल्यांदा बघायलोय. धागा जपून ठेवतो.

एक विचारतो. फास्टॅगचा पास तुम्ही ३,००० लिहिलात, त्यात पुणे बसतं का पूर्ण?

---

भीमाकाठ | ४ नोव्हेंबर, रात्री ९.५८

बसतं. १५ ऑगस्टपासून सुरू झालाय, खासगी कार-जीप-व्हॅनला, राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यांवर. २०० फेऱ्या किंवा एक वर्ष. एक नाका ओलांडला की एक फेरी धरतात. पुण्याला जाताना सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस असे चार, येताना चार. म्हणजे एका पुणेवारीला आठ. अभि वर्षात बारा वेळा गेला तर ९६ होतील, विजापूर-तुळजापूरला भरपूर उरतात.

---

स्नेहल_बार्शी | ५ नोव्हेंबर, दुपारी २.२०

अभिदादा, माझ्याकडे आय-२० एन लाइन आहे, सहा गिअरची मॅन्युअल. भीमाकाठ काकांएवढी शिस्त माझ्याकडे नाही, पण आठ महिने मीही टाकी ते टाकी मोजलंय. शहरात ११, बार्शी-सोलापूर रस्त्याला १७ ते १८.

पण एक गोष्ट मोजल्यावरच कळली. मुलाला शाळेत सोडायला दोन किलोमीटर जाते, घरी येते, परत दुपारी. एका महिन्यात गाडी फक्त एवढ्याच कामाला वापरली, तर सरासरी ८.४ आली! गाडी तीच, रस्ता तोच. इंजिन गरम व्हायच्या आत बंद केलं की ते पेट्रोल जास्त ओढतं, त्यात आपल्याकडे एसी पहिल्या मिनिटापासून पूर्ण. आता शाळेसाठी स्कूटर काढते. दादा, तुझं घर ते कारखाना दहा किलोमीटर आहे, तेवढ्यात इंजिन गरम होतं, त्यामुळे काकांचा आकडा तुला मिळायला हरकत नाही.

विम्याचं एक सांगते. थर्ड पार्टीचे दर सीसीवर ठरतात, ताकदीवर नाही. एन लाइन ९९८ सीसी आहे, त्यामुळे १२० पीएस असूनही ती हजारच्या आतल्या गटात बसते, वर्षाला २,०९४. व्हर्टसचं १.५ इंजिन १५०० च्या आतलं, तिला ३,४१६. फरक मोठा नाही, पण पंधराशेच्या वर गेलं की थेट ७,८९७ होतात.

आणि अजून एक. तुळजापूरहून घाट उतरताना खूप जण गाडी न्यूट्रल करतात, पेट्रोल वाचतं म्हणून. उलट आहे. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल देणं बंद करतात, चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जात राहतं. शिवाय घाटात न्यूट्रल म्हणजे सगळा भार ब्रेकवर. कृपा करून कुणी करू नका.

---

कन्ना_चौक | ५ नोव्हेंबर, रात्री ११.१०

मी वाईट बाजू लिहितो. कुणाला घाबरवायचं नाही, पण अभिनं वापरलेली गाडी घ्यायचं ठरवलं तर हे वाचूनच घ्यावी.

दोन वर्षांपूर्वी मी सहा वर्षं जुनी टर्बो ऑटोमॅटिक हॅचबॅक घेतली, दुसऱ्या शहरातून, जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडून. कंपनी आणि विक्रेता, दोघांची नावं लिहीत नाही. गाडी दिसायला नवीकोरी. चाचणीला हायवेवर घेतली, लोण्यासारखी चालली. मी खूश.

मे महिन्यात, दुपारी दीडचा सुमार, पारा ४३ च्या वर. मार्केट यार्डासमोर कांद्याचे ट्रक अडकलेले, पंचवीस मिनिटं गाडी मुंगीच्या पावलानं. आधी सुटताना एक बारीक थरथर जाणवली, पायाखाली मोबाइल व्हायब्रेट व्हावा तशी. मग डॅशबोर्डवर गिअरचं अक्षर लुकलुकायला लागलं. मग डी मध्ये टाकली तरी गाडी जागची हलेना. मागं हॉर्न, शेजारी आई, आणि मी गाडी ढकलतोय. गिअरबॉक्सच्या कामाचं बिल एक लाख साठ हजार झालं. वॉरंटी कधीच संपलेली. घेताना मी अडीच लाख "वाचवले" होते, त्यातले नव्वद हजार उरले.

चूक कुठं झाली ते सांगतो. ड्युअल क्लचच्या ज्या गिअरबॉक्समध्ये क्लच कोरडे असतात, तेलात बुडालेले नसतात, त्यांना खरा ताप होतो तो रेंगाळत चालताना. हायवेवर त्यांची परीक्षाच होत नाही. मी चाचणी घ्यायला हवी होती ती भर दुपारी, गर्दीत, चढावर, रिव्हर्समध्ये. दुसरं, स्कॅनर लावून गिअरबॉक्सचे जुने फॉल्ट कोड काढायला हवे होते. हजार-पंधराशे रुपयांचं काम. तिसरं, चासी नंबरवरून सर्व्हिसचा पूर्ण इतिहास मागायला हवा होता.

आणि बाहेरच्या राज्याची स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. एनओसी आणा, इथं पुन्हा रोड टॅक्स भरा, एमएच-१३ नंबर घ्या, यात स्वस्ताई संपते.

---

भीमाकाठ | ६ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

कन्ना चौक, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या गाडीतही कोरड्या क्लचचीच डीएसजी आहे. मला तीन वर्षांत त्रास नाही, पण मी काही गोष्टी पाळतो. सिग्नलला ब्रेक पूर्ण दाबून उभं राहतो, अर्धवट सोडून गाडी इंच-इंच पुढं नेत नाही. पुढच्या गाडीत आणि माझ्यात दोन गाड्यांची जागा होऊ देतो, मगच हलतो. आसरा चौकात मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे. आणि एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली आहे. ती मी चैन मानत नाही, चालवण्याच्या खर्चातच धरतो.

---

पार्क_चौक | ६ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

माझं वरचं वाक्य मागं घेतो. हिशेब करावा लागतो हे पटलं.

पेट्रोल कोणतं भरता? ९५ ऑक्टेनचं प्रीमियम लिटरमागं सात-आठ रुपयांनी महाग आहे. टर्बोला तेच लागतं म्हणतात.

---

उसाचा_फड | ६ नोव्हेंबर, रात्री ८.४५

याचं उत्तर मी देतो, कारण माझं पोट त्यावरच आहे. मी जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट आहे. तुमच्या टाकीत पेट्रोलबरोबर जे २० टक्के इथेनॉल जातं, त्यातलं काही आमच्याकडचंच असेल.

इथेनॉलमध्ये लिटरमागं उष्णता पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. म्हणजे ई-२० मध्ये निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत साडेसहा टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कमी. ई-१० वरून ई-२० वर आलो तर साडेतीन टक्के. १३ चं सरासरी मायलेज असलेल्या गाडीला हा फरक अर्ध्या किलोमीटरच्या आत आहे. "इथेनॉलमुळं गाडी निम्म्यावर आली" असं कुणी सांगत असेल तर त्याच्या टायरची हवा आणि एअर फिल्टर आधी बघा. आपल्याकडच्या धुळीत फिल्टर कंपनीनं सांगितल्याच्या आधीच भरतो.

पण इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे इंजिनमधल्या दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची क्षमता, चांगला असतो. पेट्रोलियम मंत्रालयानं याच ऑगस्टमध्ये सांगितलं की ई-२० मुळं साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९५ च्या जवळ गेलाय. पूर्वी तो ९१ होता. त्यामुळं फक्त ऑक्टेनसाठी प्रीमियम भरण्यात आता पूर्वीइतका अर्थ नाही. इंजेक्टर स्वच्छ ठेवणारी रसायनं त्यात जास्त असतात, त्यासाठी अधूनमधून एखादी टाकी भरा. टाकीच्या झाकणामागं जे लिहिलंय ते मात्र पाळा.

अभि, वापरलेली घेणार असशील तर गाडी कधी बनली ते बघ. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे पाइप, सील वगैरे ई-२० सोसतील असे द्यायचे ठरले होते. त्याआधीची असेल तर कंपनीला मॉडेल आणि चासी नंबर देऊन विचार. आणि गाडी महिना-महिना उभी ठेवू नकोस, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

---

राली_ते_दमाणीनगर | ७ नोव्हेंबर, सकाळी ६.०५

शाळा सोलापुरात झाली, दमाणी नगरात वाढलो, आता नॉर्थ कॅरोलिनात. माझ्याकडे माझदा एमएक्स-५ आहे, २०१९ ची. ती भारतात कधी अधिकृतपणे आली नाही, त्यामुळं अभिला थेट उपयोग नाही. पण 'परवडणारी स्पोर्ट्स कार' म्हटलं की जगभर ज्या गाडीचं नाव निघतं ती हीच, म्हणून तिचा हिशेब लिहावासा वाटला.

दोन सीट, मागच्या चाकांना ताकद, २ लिटरचं साधं इंजिन, टर्बो नाही, १८१ हॉर्सपॉवर. वजन साधारण १,०६० किलो. १९८९ ची पहिली ९५० च्या आसपास होती. इतक्या वर्षांत एवढंच वजन वाढू दिलं, ही मला त्या गाडीची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. इथल्या सरकारी चाचणीत मॅन्युअलला शहरात २६, हायवेला ३४, एकत्रित २९ मैल गॅलनला. आपल्या भाषेत ११, साडेचौदा आणि १२.३ किमी लिटरला. मला स्वतःला १४ मिळतात, कारण माझा रस्ता मोकळा आहे. टोयोटाची जीआर८६ मॅन्युअल, २.४ लिटर, तिचा एकत्रित आकडा २२ म्हणजे सव्वानऊ-साडेनऊ. दोन्ही खेळकर गाड्या, पण टाकीला किती फरक पडतो बघा.

वजन कमी असलं की सगळंच कमी झिजतं. माझे पहिले ब्रेक पॅड अजून चालू आहेत. म्हणून अभि, दोन गाड्यांत गोंधळ झाला तर वजनाचा आकडाही बाजूबाजूला लिहून बघ. एन लाइन हलकी आहे.

आणि इथल्या पंपावरचा ९१ हा तिथला ९१ नव्हे. इथं दोन पद्धतींची सरासरी लिहितात, भारतात फक्त रिसर्च ऑक्टेन. इथला ९१ म्हणजे तिथला ९५-९६. परदेशी व्हिडिओ बघून लोक या आकड्यात फसतात.

---

मालदांडी | ७ नोव्हेंबर, रात्री १०.००

दादा, दमाणी नगरातून नॉर्थ कॅरोलिना, वाचून लय बरं वाटलं. गड्ड्याच्या यात्रेला येत जावा.

भीमाकाठ अण्णा, हायवेला कितीवर चालवता? १७.५ कसं येतं? माझ्या मेव्हण्याला तेच इंजिन १४ देतंय.

---

भीमाकाठ | ८ नोव्हेंबर, रात्री ९.२०

मेव्हण्यांना वेग विचारा, उत्तर तिथंच मिळेल.

हे मी मुद्दाम करून पाहिलंय. फेब्रुवारीत लागोपाठ दोन आठवडे पुण्याला गेलो. दोन्ही वेळा पहाटे पाचला निघालो, एकटाच, टायरमध्ये हवा तीच, होटगी रोडच्याच पंपावर टाकी फुल्ल. पहिल्या वेळी ८० ते ८५ वर, दुसऱ्या वेळी ९८ ते १०० वर. चौपदरीला मर्यादाच शंभरची आहे. पहिल्या वेळी २०.४ आले, दुसऱ्या वेळी १७.२. पुणे २५० किमी धरलं तर सव्वाबारा लिटर विरुद्ध साडेचौदा. सव्वादोन लिटर, म्हणजे दोनशे चाळीस रुपयांच्या आत, आणि अर्ध्या तासाचा फरक.

कारण साधं आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० चे १०० केले की वेग सव्वापट होतो, पण विरोध दीडपटीहून जास्त. १२० ला तर विचारू नका. शिवाय या इंजिनमध्ये एक सोय आहे. भार कमी असला की चारपैकी मधले दोन सिलिंडर, दुसरा आणि तिसरा, बंद पडतात. मीटरवर '२ सिलिंडर मोड' दिसतो. मोहोळच्या पुढं सपाट, सरळ रस्त्यावर पाय हलका ठेवला की तो बराच वेळ टिकतो. पाय जड पडला की लगेच चारही चालू, आणि टर्बो भरात आला की १५० हॉर्सपॉवरचं पेट्रोल जाणारच. ही ताकद फुकट कधीच मिळत नाही, पण मागितल्याशिवाय पैसेही घेत नाही.

आणि आता हंगाम सुरू झालाय. उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, कितीतरींना मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. टेंभुर्णीच्या आसपास रात्री अंधारात एकदम समोर येतात. माझा एक मित्र असाच गेला. ताकदवान गाडी हातात असली की ओव्हरटेकचा मोह होतो. या चार महिन्यांत रात्री सातनंतर मी हायवेला निघतच नाही. हे मायलेजच्या धाग्यात बसत नसेल, तरी लिहिणं मला भाग आहे.

---

स्नेहल_बार्शी | ८ नोव्हेंबर, रात्री ९.४५

काका, बसतं की. आमच्या रस्त्यालाही तेच आहे.

एक राहिलं होतं. हायवेवरून जोरात आल्या-आल्या इंजिन बंद करू नका, मिनिटभर चालू राहू द्या. टर्बोला तेल मिळत राहतं आणि तो थंड होतो. टर्बो बदलायचा खर्च टाळायला एक मिनिट काही जास्त नाही.

---

अभि_जुळेसोलापूर | ३० नोव्हेंबर, सकाळी ११.००

मंडळी, उशिरा लिहितोय, माफ करा. तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही.

दोन्ही गाड्या चालवल्या. एन लाइन फार आवडली, खरंच हलकी आणि चपळ. पण लेकीची सीट, आई-बाबा आणि पुण्याचं सामान मिळून व्हर्टसची डिकी जिंकली. सोलापुरातल्याच एका डॉक्टरांची २०२३ च्या मधली गाडी मिळाली, २८,००० किमी, एमएच-१३. कन्ना चौक दादांनी लिहिलं तसं सगळं केलं: दुपारी दोनला सात रस्त्याच्या गर्दीत चालवली, चढावर रिव्हर्स घेऊन पाहिलं, स्कॅनर लावला, चासी नंबरवरून सर्व्हिसचे कागद काढले. कोड एकही नाही. पावणेचौदा लाखांत व्यवहार झाला आणि लगेच वॉरंटी वाढवून घेतली.

बाबांसाठी केलेला कागद इथं देतो, पुढच्या कुणाला उपयोगी पडेल. महिन्याचे: पेट्रोल ८,०००, विमा २,०००, सर्व्हिस १,०००, टायर ८००, फास्टॅग २५०, आणि वॉरंटी व मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला २,०००. एकूण १४,०५०. जुन्या गाडीचे ८,२७५ होत होते. फरक ५,७७५.

बाबांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. पेट्रोलच्या ओळीवर काही बोलले नाहीत. शेवटच्या दोन हजारांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही ओळ लिहिलीस म्हणून घे. मागाचं पण असंच असतं. सुताचा हिशेब सगळे करतात, जो दुरुस्तीचा पैसा आधी काढून ठेवतो त्याचाच माग सणाच्या दिवसांत चालतो."

पहिल्या दोन टाक्या शहरातल्या: ११.२ आणि १०.६. काल आम्ही सगळे तुळजापूरला गेलो. बाबा पुढं बसले होते. येताना घाट उतरायला लागलो, पाय काढला, गिअरमध्येच ठेवली, आणि मीटरवरच्या मायलेजची पट्टी पार टोकाला गेली. बाबा वाकून बघत होते. "आत्ता काहीच खात नाही का?" म्हणाले. नाही म्हटलं. मग घाट संपेपर्यंत त्यांनी त्या पट्टीवरची नजर हलवली नाही.

जाऊन-येऊन ९२ किमी, मीटरवर १७.८ दाखवले. भीमाकाठ काका, वही आणली आहे. खरा आकडा टाकी भरल्यावर लिहितो.